शेवटच्या ड्रीपरपर्यंत

बारावीच्या वर्गावर रक्ताभिसरणाचा धडा घ्यायचा म्हटलं की मला अजूनही हुरूप येतो. इतकी वर्षं तोच धडा, तीच आकृती, तेच लाल आणि निळे खडू, पण कंटाळा म्हणून कधी आला नाही. पहिल्या तासाला मी पुस्तक उघडतच नाही. मुलांना मूठ वळायला सांगते. "ही तुमची मूठ आहे ना, साधारण एवढंच तुमचं हृदय." मग सगळा वर्ग आपापल्या मुठी निरखायला लागतो, शेजारच्याच्या मुठीशी ताडून बघतो आणि कुणीतरी हमखास म्हणतो, "मॅडम, ह्याचं हृदय लय मोठं आहे." हसणं ओसरलं की मी विचारते, हृदय कुठल्या बाजूला असतं? झाडून सगळे हात छातीच्या डाव्या कोपऱ्यात जातात. चूक, मी म्हणते. ते जवळजवळ मधोमध असतं, त्याचं टोक तेवढं डावीकडे कललेलं असतं. एवढं झालं की वर्ग माझ्या ताब्यात येतो आणि तास संपेपर्यंत सुटत नाही.

दुसरा प्रश्न माझा आवडता आहे. रक्त कुठं संपतं? कुणी म्हणतं बोटांच्या टोकाला, कुणी म्हणतं मेंदूत, एखादा हुशार मुलगा 'किडनीत' म्हणतो. कुठंच संपत नाही, मी सांगते. हृदयाच्या डाव्या बाजूनं निघतं, महाधमनीतून फांद्या-फांद्यांत जातं, केसाहून बारीक वाहिन्यांमध्ये शिरतं. तिथं रक्तपेशींना एकामागून एक रांगेनं जावं लागतं. मग पलीकडून शिरांमध्ये गोळा होऊन हृदयाच्या उजव्या बाजूला परत येतं. तिथून फुप्फुसात, फुप्फुसातून पुन्हा डावीकडे. सुटलं तिथंच परत. मी फळ्यावर हा फेरा खडू न उचलता काढते आणि मागे वळून बघते. मला स्वतःचं शिकवणं आवडतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आमच्या विज्ञान शाखेला सगळं इंग्रजीत शिकवतात. मी मात्र समजावते मराठीतच. नाशिकच्या कॉलेजात येणारी निम्मी मुलं आसपासच्या तालुक्यांतली असतात. इंग्रजी शब्द ती घडाघडा म्हणून दाखवतात, पण झडप नसेल तर काय होईल हे त्यांना मराठीतच सुचतं. माझ्या या ठामपणाला घरचे आगाऊपणा म्हणतात. वर्गात तो खपतो. घरी खपत नाही, कारण घरी माझ्याहून मोठा आगाऊ माणूस बसलेला आहे, तो म्हणजे माझे वडील.

आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. थोडा कांदाही असतो, तो लासलगावला जातो. मी शाळेत असताना दादांनी बागेत ठिबक बसवलं. गावात तेव्हा फार थोड्या लोकांकडे ते होतं. पाइप पुरताना, जोडताना, नळ्यांना भोकं पाडताना दादा तिथून हलले नाहीत. विहिरीवरून येणारी मेन लाइन, तिच्यातून निघणारी सबमेन, तिला फुटलेल्या काळ्या नळ्या आणि प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी टपटपणारा ड्रीपर, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं.

पाणी सोडायची वेळ झाली की ते स्वतः व्हॉल्व्हपाशी उभे राहायचे आणि मला बागेच्या पार शेवटच्या ओळीत पाठवायचे. तिथल्या शेवटच्या नळीवर दोन बोटं ठेवून बसायचं, हे माझं काम. नळी आधी मऊ लागायची. मग आतली हवा फुरफुरायची, नळी हळूहळू ताठ व्हायची आणि थोड्या वेळानं शेवटच्या ड्रीपरमधून पहिला थेंब पडायचा. तो पडला की पूर्ण ताकदीनं ओरडायचं, "आलं!" त्या टोकाहून दादांचा आवाज यायचा, "आलं का?" मी परत ओरडायची, "आलं!" असं दोनदा झाल्याशिवाय ते व्हॉल्व्ह सोडायचे नाहीत. शेवटच्या ड्रीपरला पाणी पोचलं म्हणजे सगळ्या बागेला पोचलं, हा त्यांचा ठोकताळा होता. पुढे कॉलेजात आम्हाला नाडी बघायला शिकवली तेव्हा मला नवीन असं काही शिकावं लागलं नाही. दोन बोटं, हलका दाब आणि आतून येणाऱ्या ठोक्याची वाट बघणं, हे मला आधीच येत होतं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मी एका रविवारी घरी गेले. द्राक्षाची ही वर्षातली महत्त्वाची छाटणी. हिच्यावरच पुढचा माल ठरतो. बाग आता माझा भाऊ बघतो, मजूरही असतात, तरी छाटणीला दादा स्वतः कात्री घेऊन उतरतात, कारण त्यांच्या मते काडीवर कितवा डोळा, म्हणजे कितवा कोंब, ठेवायचा ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. मी बांधावरून येत होते तेव्हा ते ओळीत काम करताना दिसले. मग थांबले. वेलीच्या बुंध्याशी खाली बसले आणि डावा दंड चोळायला लागले. थोड्या वेळानं हात जबड्यावर गेला.

"काय होतंय दादा?"

"काय नाय. कात्री धरून धरून हात भरून आलाय."

"कात्री कुठल्या हातात आहे?"

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कात्री तिथंच होती. "दोन्ही हात लागता कामाला," ते म्हणाले.

"आणि जबडा? जबड्यानं छाटता का काडी?"

आई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "कवाधरून दात दुखतो म्हणता. दातवाल्याकडं चला म्हटलं तर ते बी नाय."

"बसल्यावर थांबतं का?" मी विचारलं.

"थांबतं ना. म्हणून तर म्हणतो, काय नाय."

नेमकं तेच मला ऐकायचं नव्हतं. चाललं की दुखतं आणि बसलं की थांबतं, याचा अर्थ मी दरवर्षी मुलांना शिकवते. कष्ट वाढले की हृदयाला स्वतःसाठी जास्त रक्त लागतं आणि ते आणणारी वाट अरुंद झाली असेल तर हृदय ओरडतं. फक्त ते स्वतःच्या जागेवरून ओरडत नाही. हृदयाकडून येणाऱ्या आणि डाव्या हाताकडून येणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो आणि माणूस हात चोळत बसतो. वर्गात हे सांगताना मला मजा वाटते. त्या दिवशी मी दादांच्या हातातली कात्री काढून घेतली.

त्यांना नाशिकला न्यायला मी गोड बोलले नाही, सरळ भांडले. भाऊ माझ्या बाजूनं आला आणि आईनं पिशवी भरली तेव्हा ते निघाले. तपासण्या झाल्या. फिरत्या पट्ट्यावर चालवल्यावर ईसीजीच्या कागदावरच्या रेघा बिघडल्या, म्हणून मनगटातून बारीक नळी घालून हृदयाभोवतीच्या धमन्यांची चित्रफीत काढली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवलं. हृदयाच्या पुढच्या अंगावरून खाली उतरणारी मोठी धमनी एका जागी दोऱ्याएवढी झाली होती. औषधाचा काळा रंग तिथपर्यंत जोरात येत होता आणि पुढे कसाबसा झिरपत होता. "इथं जाळीची छोटी नळी बसवून जागा मोकळी करायची," त्या म्हणाल्या. "आत्ता करू, नाहीतर दोन-चार दिवसांत. पण लांबवू नका."

दादा उठून बसले. "बागेला पेस्ट लागली आणि पहिले फवारे झाले का येतो," ते म्हणाले.

पेस्ट म्हणजे छाटल्यानंतर काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं औषध. डॉक्टर बाईंना ते ठाऊक नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे पाहिलं, आणि दादांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली. गोळ्या लिहून घेऊन आम्ही परत आलो.

मला वाटलं, ते घाबरलेत. घाबरलेल्या माणसाला धीर देता येतो. पण चारच दिवसांनी भावाचा फोन आला. "दादांनी सोताला ऍसिड चालू केलंय."

मी खुर्चीतून उठलेच. मग त्यानं नीट सांगितलं. मोबाइलवर कुणीतरी कृती पाठवली होती. लिंबाचा रस, आल्याचा रस, लसूण आणि व्हिनेगर उकळायचं, त्यात मध घालायचा आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचं म्हणजे हृदयातले ब्लॉक आपोआप उघडतात. आई ते मन लावून उकळून देत होती.

ही कृती शहरातल्या कित्येकांच्या मोबाइलवर पडलेली असेल. ते वाचतात आणि विसरतात. दादांना मात्र ती पटली, आणि का पटली ते द्राक्षवाल्यांनाच कळेल. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे. त्यातले क्षार ठिबकच्या नळ्यांत बसतात, ड्रीपर पांढरे पडून बुजतात. मग लाइनमधून ऍसिड सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी जोरात पाणी सोडून नळ्या धुवायच्या. बुजलेले ड्रीपर पुन्हा टपटपायला लागतात. दादांनी हे वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं केलेलं आहे. तेव्हा बुजलेली नळी आणि आंबट औषध या दोन गोष्टी एका ओळीत दिसल्यावर त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. ही तर त्यांच्या हातातली विद्या होती.

"कसं वाटतंय दादा?" मी रोज फोन करायची.

"लाइन साफ व्हायला लागली. आता गेटपर्यंत जातो, काय होत नाय."

"ते गोळ्यांमुळे. आणि आई तुम्हाला चालू देत नाही त्यामुळे."

"तू पुस्तकातलं सांगती. मी रोज बघतो."

मी दुसऱ्याच वाटेनं जायचं ठरवलं. शनिवारी सकाळी मी आमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडे गेले आणि बोकडाचं हृदय घेतलं. त्या दुकानात काळीज मागितलं तर कलेजी मिळते, म्हणून 'दिल' मागावं लागतं. दरवर्षी वर्गासाठी मी ते नेते, त्यामुळे मटणवाल्यानं विचारलं, "काय मॅडम, यंदा लवकर धडा काढला?" हो म्हटलं, विद्यार्थी मोठा आहे. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून मी ते गावी घेऊन गेले.

आईनं डबा उघडून पाहिला आणि लगेच झाकला. "हे माझ्या ओट्यावर नाय चालायचं." आमच्या घरात मटण चवीनं खातात, पण अभ्यासाचं हृदय तिला स्वयंपाकघरात नको होतं. म्हणून फवारणीच्या खोलीतल्या फळीवर कागद अंथरला आणि तिथं माझा वर्ग भरला. दादा खुर्ची घेऊन बसले. विद्यार्थी म्हणून ते उत्तम आहेत, हे कबूल केलं पाहिजे. एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही.

मी वरचे दोन छोटे कप्पे दाखवले, खालचे दोन मोठे दाखवले. उजव्या बाजूची भिंत पातळ, कारण तिला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलायचं असतं. डावीकडची भिंत बोटभर जाड, कारण तिला डोक्यापासून तळपायापर्यंत पोचवायचं असतं. मग डावा कप्पा उभा चिरला. आत झडपेच्या पडद्यांना पांढरे दोरे बांधलेले असतात, झडप उलटी होऊ नये म्हणून. दादा पुढे झुकले आणि म्हणाले, "मांडवाला तारा ताणल्यात तशा ताणल्यात की."

मला फार आनंद झाला. गाडी रुळावर आहे असं वाटलं. मी उघड्या कप्प्यात बोट ठेवलं. "बघा, हे हृदय रक्तानं भरलेलं असतं. पण एवढी जाड भिंत आतल्या रक्तावर जगू शकत नाही. तिच्यासाठी वेगळी लाइन आहे. महाधमनी हृदयातून बाहेर पडली की तिला सगळ्यात आधी दोन फांद्या फुटतात आणि त्या मागे फिरून हृदयाच्याच अंगावर पसरतात. ही बघा, चरबीत दडलेली. तुमची हीच बुजली आहे." मी त्या बारीक नळीत काडी घालून दाखवली.

दादांनी ती काडी स्वतः आत-बाहेर करून पाहिली. "लय भारी काम केलंय," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मेनपासून पहिलीच सबमेन हिची. मग तर औषध सगळ्यात आधी इथंच पोचत असंल!"

बारावीच्या एखाद्या मुलानं एवढा विचार केला असता तर मी पेढे वाटले असते. पोटातलं औषध आधी कुठं जातं, किती गाळणी पार करतं, रक्तात गेल्यावर त्याचा आंबटपणा कसा उरत नाही, हे सगळं मी सांगायला लागले, पण दादा हात धुवायला गेले होते. त्यांच्या दृष्टीनं मी त्यांचाच मुद्दा पक्का करून दिला होता. त्या संध्याकाळी मला रागानं रडू आलं. माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर मरतील आणि मरेपर्यंत मला समजावत राहतील की ते बरे होतायत, असं मला दिसायला लागलं. मी हे भावाला बोलून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेच्या नळ्या धुवायच्या होत्या. आदल्या दिवशी भावानं लाइनमध्ये ऍसिड सोडलं होतं. तो फिल्टरपाशी थांबला. प्रत्येक नळीच्या शेवटी एक बूच असतं, एंड कॅप म्हणतात त्याला. ती उघडायची, पाण्याला घाण बाहेर घेऊन जाऊ द्यायची, पाणी स्वच्छ झालं की पुन्हा लावायची. दादा म्हणाले, मी उघडतो. आईनं नको म्हटलं, मी नको म्हटलं, पण त्यांना स्वतःच्या लाइनवर फार विश्वास होता. मी त्यांच्या मागोमाग चालले.

पहिली एंड कॅप त्यांनी उघडली. आधी गढूळ पाणी उसळलं, मग क्षारांचा पांढरा चुरा आला, मग स्वच्छ पाणी. "बघ," ते म्हणाले. दुसरी उघडली. तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो आणि ते बांधावर बसले. बसले म्हणजे खचलेच. कपाळाला घाम, हात जबड्यावर. घरापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर आम्ही होतो. आणि या खेपेला बसूनही थांबेना. डॉक्टर बाईंनी जिभेखाली धरायची गोळी दिली होती, ती माझ्या पर्समध्ये होती. ती दिली. मी त्यांच्यासमोर मातीत बसून राहिले. मला त्या वेळी एकही धडा आठवत नव्हता, नुसती भीती वाटत होती. हळूहळू त्यांचा श्वास जागेवर आला.

लांबून भाऊ ओरडला, "पुढची उघडली का?"

मी उठून पुढच्या नळीपाशी गेले. कॅपवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"उघड की," दादा म्हणाले.

"कशाला? राहू द्या. ऍसिड दिलंय ना, झालं साफ."

"वेडी का काय तू? सुटलेली घाण जाईल कुठं? पुढच्या ड्रीपरमधी जाऊन बसंल. न उघडता पाणी मारलं तर होतं त्याच्यापेक्षा वाटोळं व्हायचं."

"मग दादा," मी म्हणाले, "तुमच्या अंगातली एंड कॅप कुठंय?"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि फळ्यावर काढते तो फेरा त्यांच्या हातावर बोटानं काढला. छातीतून दंडात, दंडातून मनगटात, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत, आणि तिथून न थांबता निळ्या शिरेनं उलट वर.

"म्हणजे वापस येतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"सगळं. सुटलं तिथंच परत येतं. बाहेर पडायला वाट ठेवलेलीच नाही."

"मग फिल्टर? किडनी असती ना."

"किडनी रक्तात विरघळलेलं गाळते. असला तुकडा सुटला तर तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच कुठंतरी अडकतो. त्याच धमनीत पुढे, तिथं ती आणखी बारीक असते. तुमच्या लिंबानं काही सुटणार नाही, पण समजा सुटलंच, तर त्याच्यासारखं वाईट काही नाही."

ते उघड्या पडलेल्या दोन नळ्यांकडे बघत होते. पाणी अजून वाहत होतं. "मग ती बाई जाळी बसवून ते काढती कसं?"

"काढत नाही. जाळी फुगवून ते भिंतीला दाबून ठेवतात. सुटू द्यायचंच नाही, मधून वाट मोकळी करायची."

दादांनी मान हलवली. तीनदा-चारदा हलवली. "हां. मग ते बरोबर हे. असं सांगायला पाहिजे होतं त्या बाईनं."

"सांगितलं होतं तिनं."

"मग तू सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले आणि उठायला माझ्याकडे हात पुढे केला.

तासाभरात आम्ही निघालो. उरलेल्या ओळी भावाच्या माथी मारताना दादांनी त्याला पाणी किती वेळ सोडायचं ते गाडीत बसेपर्यंत सांगितलं. गाडी मी चालवत होते. ते मागे आईच्या शेजारी टेकून बसले होते. एरवी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बागांवर ते शेरे मारत जातात, कुणाची काडी पिकली नाही, कुणी छाटणीला घाई केली. त्या दिवशी एकाही बागेवर बोलले नाहीत. मी आरशातून त्यांचा चेहरा बघत राहिले आणि वाटेतलं चांदोरी गाव कधी मागे पडलं ते मला कळलं नाही.

दवाखान्यात त्याच डॉक्टर बाई होत्या. सकाळचं सांगितल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. दादांना आत नेलं. आई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. आईनं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "ती जाळी गंजती का गं?"

"नाही आई. गंजत नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. बाहेर बसून वाट बघणं मला जमत नाही. मला पुढे होऊन सांगायची, दाखवायची सवय आहे. त्या बाकावर मला सांगण्यासारखं काही नव्हतं. आत कुठली धमनी, कुठलं वळण, कुठं अडचण येऊ शकते, सगळं माहीत होतं आणि त्या माहितीचा आधार वाटत नव्हता. दादा पाहिजेत, एवढंच मनात येत होतं.

डॉक्टर बाई बाहेर आल्या त्या हसतच. त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. तीच धमनी, तीच जागा. काळा रंग वरून आला आणि न अडखळता पार हृदयाच्या टोकापर्यंत उतरला. मी ते दोनदा बघायला मागितलं. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "ही बंद पडायच्या बेतातच होती."

मग आम्हाला एकेकीला दादांना भेटू दिलं. आधी आई जाऊन आली. मी गेले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. उजव्या मनगटाला पट्टा, छातीवर तारा, आणि डोक्याशी नर्स काहीतरी लावत होती. त्यामुळे मी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, पायांशी उभी राहिले. हिरव्या चादरीखाली दादा मला एकदम लहान दिसले. चादर थोडी सरकलेली होती आणि त्यांचं पाऊल बाहेर आलं होतं. टाचेच्या भेगांत आमच्या बागेची काळी माती तशीच होती.

पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत एक धमनी असते. हृदयापासून सगळ्यात लांबची नाडी बोटाला लागते ती हीच जागा, असं मी मुलांना सांगते. मला हेही माहीत होतं की त्या जाळीशी या नाडीचा थेट काही संबंध नाही आणि ती सकाळीही लागलीच असती. तरी मी दोन बोटं तिथं ठेवली आणि हलका दाब दिला. आधी काहीच लागलं नाही. मग आतून ठोका आला. मग दुसरा. नीट, एकसारखे.

"आलं का?"

दादांनी डोळे उघडले नव्हते. आवाज अगदी बारीक होता. पण ते उशीवरून, त्या टोकाहून मलाच विचारत होते.

तिथं ओरडता येत नव्हतं. "आलं," मी म्हणाले.

ते थांबून राहिले. झोपले असं वाटलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

"आलं का?"

"आलं, दादा."

मग त्यांची आठी मोडली, त्यांनी मान वळवली आणि ते झोपले.